दाणा, चारा आणि घरचं मांस

यवतमाळ जिल्ह्याचा इंग्रजी अमदानीतला इतिहास चाळायला घेतला की कापूस पावलोपावली भेटतो, बैल भेटतो, सागाचं जंगल भेटतं. कोंबडी मात्र शोधावी लागते. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात आला. पुढे वणीच्या नावाचा जिल्हा झाला आणि १९०५ साली त्याला यवतमाळ हे नाव मिळालं. १९०८ साली ब्राउन आणि रसेल यांनी तयार केलेलं या जिल्ह्याचं गॅझेटिअर निघालं. या सगळ्या कारभाराला जमिनीचा सारा हवा होता, कापसाच्या गाठी हव्या होत्या, जंगलाचं उत्पन्न हवं होतं. बैल मोजायचा, कारण त्याच्याशिवाय नांगर चालत नाही आणि नांगराशिवाय सारा येत नाही. अंगणातल्या चार कोंबड्या आणि दावणीच्या दोन बकऱ्या यांच्यापासून सरकारला काही मिळणार नव्हतं, म्हणून त्यांच्याकडे कोणी फारसं पाहिलं नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात साहेबाचा तंबू गावाबाहेर पडला की कोंबडी आणि अंडी हजर करावी लागत, तेवढ्यापुरती सरकारला त्यांची आठवण व्हायची. या दुर्लक्षाचा परिणाम आजही भोगावा लागतो. जे मोजलं गेलं नाही ते गेल्यावर त्याचा हिशोबही कोणी मागितला नाही. गावोगाव आज पत्र्याच्या दुकानात, लोखंडी पिंजऱ्यात पांढरे पक्षी दाटीनं बसलेले दिसतात आणि घरचं मांस म्हणजे दुकानातून काळ्या पिशवीत आणलेलं मांस, असाच अर्थ नव्या पिढीच्या मनात बसला आहे.

हा बदल कसा झाला, याचं एक ठरलेलं उत्तर आहे. ब्रॉयलर स्वस्त आला, गावरान पाळायचा लोकांना कंटाळा आला, बायका शिकल्या, घरं सिमेंटची झाली, अंगणातली घाण नकोशी झाली. यातलं काहीच खोटं नाही, पण ही सारी वरवरची कारणं आहेत. माझं म्हणणं असं की घरची कोंबडी चवीमुळे किंवा आळसामुळे गेली नाही. ती ज्या दाण्यावर, ज्या मोकळ्या जागेवर आणि ज्या प्रजननावर उभी होती, ते तिन्ही एकेक करून घराच्या हातून सुटले. तिच्या जागी आलेला ब्रॉयलर तिचा वारसदार नाही. नातं लावायचंच तर तो संकरित कापसाचा धाकटा भाऊ आहे. दोघांचं बी बाहेरून येतं, दोघांची खुराक बाहेरून येते, दोघांचा भाव बाहेर ठरतो, आणि तोटा झाला तर तो शेतकऱ्याच्या घरात येऊन बसतो. यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात ही गोष्ट जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच दुसरीकडे दिसेल.

आधी जुनी घडी नीट पाहू. तिचं केंद्र होतं ज्वारीचं खळं. ज्वारीची मळणी झाली, वारा देऊन दाणा वेगळा केला, पोती भरली, तरी खळ्यावर दाणा उरायचाच. फुटका, किडका, मातीत मिसळलेला, कणसाच्या बोंडाला चिकटलेला. तो माणसाच्या कामाचा नव्हता, कोंबडीच्या होता. पुढे वर्षभर जात्याभोवती सांडलेली भरड, सुपातून पाखडलेला कोंडा, उकिरड्यातले किडे, पावसाळ्यातली वाळवी, गोठ्यातल्या शेणातल्या अळ्या, यावर ती जगायची. संध्याकाळी तिला खुराड्यात किंवा डालग्याखाली कोंडायचं आणि सकाळी सोडायचं, एवढंच तिचं मोल. कोंबडी खुडूक झाली की घरातली बाई टोपलीत भुसा किंवा राख घालून, त्यावर दहा-बारा अंडी मांडून तिला अंधाऱ्या कोपऱ्यात बसवी. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर पडत. मग घार, मुंगूस, मांजर आणि कावळा यांच्याशी दोन महिने सामना. दहा पिल्लांतली चार-पाच मोठी झाली तरी बाई समाधानी असे, कारण त्यासाठी पैसा गेलेला नसे. उन्हाळ्यात कधी मानमोडी येई आणि आठवड्याभरात सारं गाव कोंबड्यांवाचून रिकामं होई. मग दुसऱ्या गावच्या बहिणीकडून किंवा भावजयीकडून एखादी तलंग आणून पुन्हा सुरुवात. या सगळ्या साखळीत विकत घेण्याची वस्तू एकही नव्हती, ही त्यातली खरी महत्त्वाची बाब.

बकरीचा हिशोब वेगळा होता, पण जातीचा तोच. तुरीचं कुटार, बाभळीच्या शेंगा, बोरी-हिवराचा पाला, बांधावरचं गवत आणि शेवटची वेचणी झाल्यावर पऱ्हाटीवर उरलेली पानं आणि कवड्या. नागपूर, वर्धा, अमरावती, अकोला या पट्ट्यातली बेरारी शेळी पुढे राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली. तपकिरी रंगाची, शिंगाच्या मुळापासून नाकपुडीपर्यंत तोंडावर दोन्ही बाजूंनी पट्टे असलेली ही शेळी कोणा पैदासकारानं बनवलेली नाही. अशाच चाऱ्यावर आणि अशाच उन्हात जी टिकली तिचीच वीण वाढत गेली. ज्याच्याकडे बकरी घ्यायला पैसा नसे तो अर्धेलीनं पाळी. बकरी दुसऱ्याची, राखण आपली, करडं निम्मी-निम्मी. भूमिहीन माणसाला जनावराचा मालक होण्याचा हा एक रस्ता होता आणि तो सावकाराच्या दारातून जात नव्हता.

हे मांस रोज खाल्लं जात नव्हतं, हे आधीच कबूल केलं पाहिजे. आखाडात, पोळ्याच्या करीला, धुळवडीला, नवस फेडताना, दर्ग्यावरच्या कंदुरीला, जावई किंवा पाहुणा आला तर, एवढेच ते दिवस. वारकरी आणि महानुभाव घरांत तेही नाही. बंजाऱ्यांच्या तांड्यावर, आंध-गोंडांच्या वाडीवर, झरी-जामणी, केळापूर, मारेगाव भागातल्या कोलामांच्या पोडावर देवाला कोंबडा किंवा बोकड दिल्याशिवाय पेरणी-कापणीचा, लग्नाचा, आजाराचा विधी पुरा होत नसे. तिथं मांस हा प्रसादाचा भाग होता आणि त्याचे वाटे पडत. बोकड एक घर कापी आणि पाचपंचवीस घरं खात. बर्फाची पेटी नसलेल्या गावात बोकडाचं मांस साठवायचं कसं, याला वाटा हेच उत्तर होतं. आज मी दिलं, उद्या तू देशील. म्हणजे घरचं मांस हे खरं तर गावचं मांस होतं. उरलेल्या दिवशी कोंबडी आणि बकरी खाण्यासाठी नसे, विकण्यासाठी असे. मीठ-मिरची, घासलेट, पोराची पाटी, दवाखाना. अंड्याचा आणि कोंबडीचा पैसा बाईच्या कनवटीला लागे आणि त्याचा जाब सहसा कोणी विचारत नसे. कापसाचा पैसा पुरुषाच्या आणि सावकाराच्या हातात फिरणाऱ्या जिल्ह्यात या चार पैशांचं मोल रकमेपेक्षा मोठं होतं.

या घडीला पहिला धक्का कापसानं दिला, पण त्यानं ती मोडली नाही. १८६१ ते १८६५ या अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या वर्षांत वऱ्हाडच्या कापसाला विलायतेत मागणी आली. मग रेल्वे आली, सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी, पुढे शकुंतला म्हणून लोकांच्या जिव्हाळ्याची झालेली छोटी गाडीही आली. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ यांवर लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथात दाखवलं आहे की या भरभराटीनं कुरणं खाल्ली, झाडी खाल्ली, धान्याखालची जमीन खाल्ली, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत त्याची किंमत माणसं आणि गुरं दोघांनी मोजली. जंगलाचे वर्ग पडले, राखीव जंगलातून बकरी हुसकली गेली, आणि गावाच्या चराईला जी जमीन उरली तिला वऱ्हाडात लोक आजही ई-क्लास म्हणतात. तरीही शेतकरी आपल्या पोटापुरती आणि बैलापुरती ज्वारी पेरतच होता. कडब्यावाचून बैल जगत नव्हता आणि बैलावाचून कापूस होत नव्हता. मजुरीसुद्धा बरीचशी ज्वारीतच मिळे. त्यामुळे ज्याला शेत नाही त्याच्याही घरी दाणा येई आणि अंगणात कोंबडी फिरे. कापूस आणि कोंबडी यांच्यामध्ये ज्वारी उभी होती, म्हणून कोंबडी शंभर वर्षं वाचली.

ज्वारी गेली ती आपल्या डोळ्यांदेखत, साठ वर्षांत. १९६४ साली सीएसएच-१ हे देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण आलं. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते, आणि संकरित बियाण्याचा त्यांनी मनापासून पुरस्कार केला. धान्याच्या टंचाईच्या त्या वर्षांत तो चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पण संकरित ज्वारीचं ताट ठेंगणं, कडबा कमी, आणि बी दर वर्षी विकत. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रातून सी. टी. पटेल यांचं एच-४ हे संकरित कापसाचं वाण बाहेर पडलं, आणि बी घरात राखण्याची सवय कापसातूनही सुटू लागली. १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, तेव्हा हमीच्या भावाचं बोट धरून कापूस आणखी पसरला. पुढे सोयाबीन आलं, त्यानं ज्वारीच्या उरल्यासुरल्या जागेवर हक्क सांगितला. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. रानडुकरं आणि पाखरं ज्वारी ठेवत नाहीत, राखणीला माणूस मिळत नाही, ट्रॅक्टर आल्यावर कडब्याचीही गरज उरली नाही, अशी एकात एक अडकलेली कारणं जमत गेली. मजुरी रोखीत झाली, रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला. तो तांदूळ कोंबडीलाही टाकला जातो, पण खळं आणि खळ्यावरचा फुकटचा दाणा संपला तो संपलाच. शेतात विषारी औषधांची फवारणी वाढली. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं या एका जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. अशा शेतात कोंबडी चरायला सोडायची तर जिवावर उदार होऊनच सोडावी लागते.

ब्रॉयलरचा उगम इथून फार दूर आहे. अमेरिकेच्या डेलावेअर राज्यात सेसील स्टील या बाईंनी १९२३ साली अंड्यांसाठी ५० पिल्लं मागवली आणि चुकून ५०० आली. त्यांनी ती परत न करता वाढवून मांसासाठी विकली, आणि तिथून मांसासाठी वेगळी कोंबडी वाढवण्याच्या धंद्यानं मूळ धरलं, असं मानतात. १९४८ साली तिथं रुंद छातीच्या, झपाट्यानं वाढणाऱ्या कोंबडीसाठी देशव्यापी स्पर्धेचा शेवट झाला आणि आजच्या वाणांची दिशा ठरली. भारतात डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुढे पुणे तिचं केंद्र झालं, आणि कॉब या अमेरिकी वाणाच्या पैदाशीतून देशी हवामानाला जुळवलेला व्हेनकॉब पक्षी गावोगाव पोचला. तमिळनाडूतल्या उदुमलपेठ-कोइमतूर भागात १९९० च्या दशकात कराराची पद्धत रुजली आणि तिथून इतर राज्यांत पसरली. पिल्लू, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, पाणी, वीज, तूस आणि मेहनत शेतकऱ्याची. पक्षी उचलताना किलोमागे ठरलेले काही रुपये.

आता हा पक्षी जवळून पाहा. चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमचं एका दिवसाचं पिल्लू पहिल्या आठवड्यात पस्तीस अंशांची ऊब मागतं. साधारण चाळीस दिवसांत ते दोन किलोच्या आसपास जातं, आणि त्यासाठी साडेतीन किलोच्या आगेमागे खाद्य खातं. गावरान कोंबडा याच्या निम्मं वजन भरायला पाच-सहा महिने घेतो. ही वाढ चार वेगवेगळ्या वंशांच्या संकरातून येते. त्या वंशांचे आजा-आजी मोजक्या कंपन्यांच्या ताब्यात असतात. ब्रॉयलरची अंडी उबवून तसाच ब्रॉयलर मिळत नाही, जसं संकरित कापसाची सरकी पेरून तसा कापूस मिळत नाही. त्याच्या खाद्यात निम्म्याहून अधिक मका असतो आणि मोठा वाटा सोयाबीनच्या पेंडेचा. यवतमाळच्या शेतात ज्वारीच्या जागी आलेलं सोयाबीन अडतीवर जातं, तेल गिरणीत जातं, त्याची पेंड खाद्याच्या कारखान्यात जाते, आणि गोणीतून पुन्हा यवतमाळच्या शेडमध्ये येते. जुनी कोंबडी त्याच मातीतला दाणा मधल्या कोणाला पैसा न देता खात होती. मे महिन्यात इथं पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो. गावरान कोंबडी कडुनिंबाच्या सावलीत माती उकरून बसते आणि दिवस काढते. शेडमध्ये गोणपाट भिजवावे लागतात, पत्र्यावर पाणी सोडावं लागतं, पंखे लावावे लागतात, आणि ऐन दुपारी वीज गेली तर विक्रीला आलेला पक्षी तासाभरात माना टाकतो. तयार कापसावर अवकाळी पडावा, तसंच हे नुकसान असतं.

इथं पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो. ब्रॉयलर नसता तर गरिबाच्या ताटात मांस आलं असतं का? नसतं आलं, आणि हे मोकळेपणानं मान्य करायला हवं. वर्षातून पाच-सात वेळा मिळणारं मांस आज मजुराच्या घरी आठवड्याला येऊ शकतं. खाणाऱ्याच्या बाजूनं ही मोठी गोष्ट आहे. ज्यांची पोटं भरलेली आहेत त्यांनी गावरानच्या चवीची आठवण काढत तिला नावं ठेवू नयेत. जुनी कोंबडी वर्षाला जेमतेम साठ-सत्तर अंडी देई, निम्मी पिल्लं मरत, आणि तिला सोन्याचा मुलामा देण्याचं काही कारण नाही. पण माझा मुद्दा स्वस्त मांसाच्या विरोधात नाही. घर आधी मांसाचं उत्पादक होतं, आता ते फक्त गिऱ्हाईक आहे किंवा कंपनीचं शेड राखणारं आहे, एवढं मी दाखवतो आहे. या फरकाची किंमत संकटात कळते. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला, लाखो पक्षी नष्ट केले गेले आणि राज्यभर मागणी कोसळली. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीतून कोरोना होतो अशी निराधार अफवा पसरली आणि शेडमधले पक्षी मातीमोल भावानं गेले, काही ठिकाणी फुकट वाटले गेले. गावरान कोंबडी असलेल्या बाईनं त्या महिन्यात ती विकली नाही, इतकंच. तिला रोजचं खाद्य विकत घालायचं नव्हतं, म्हणून तिला थांबता आलं. चाळीस दिवसांच्या पक्ष्याला थांबवता येत नाही. तो खात राहतो आणि शेतकरी बुडत राहतो. करारात भावाचा धोका कंपनी घेते हे खरं. पण शेडचं कर्ज, मरतुकीची कपात आणि दोन लॉटमधला रिकामा काळ शेतकऱ्याकडेच राहतो. आणि शेडला सात-बारा लागतो, बँक लागते. कोंबडीचा जो पैसा बाईचा होता तो या वाटेनं पुन्हा पुरुषाच्या खात्यात गेला, हे मला या साऱ्या बदलातलं सर्वांत मोठं नुकसान वाटतं.

दुसरा आक्षेप आकड्यांचा आहे आणि तो टाळता येणार नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढून ३१ कोटींच्या पुढे गेल्या, तर व्यावसायिक पक्षी साडेचार टक्केच वाढले. मग घरची कोंबडी गेली कुठे? ही वाढ मुख्यतः कुठली ते पाहिलं की उत्तर मिळतं. पश्चिम बंगालच्या कोंबड्या ५.२८ कोटींवरून ७.७३ कोटींवर गेल्या, आसामच्या २.७२ कोटींवरून ४.६७ कोटींवर. तिथं भात घरात येतो, कोंडा-कणी घरात उरते, तळी आणि परसं आहेत. त्याच काळात महाराष्ट्राच्या एकूण कोंबड्या ७.७८ कोटींवरून ७.४३ कोटींवर उतरल्या. म्हणजे जिथं पोटाचं धान्य घरच्या शेतात टिकलं तिथं कोंबडी वाढली. आकडे माझ्या म्हणण्याला खोडत नाहीत, उलट आधार देतात. शिवाय परसातल्या कोंबडीत आता बंगळूरच्या कृषी विद्यापीठाचा गिरिराज आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेचा वनराज हेही पक्षी येतात. ते चांगले आहेत, वजनदार आहेत, अंडी जास्त देतात. पण त्यांची कोंबडी खुडूक होत नाही. पुढच्या पिढीसाठी पुन्हा अंडी उबवणी केंद्राच्या दारात जावं लागतं. वजन वाढलं, अंडी वाढली, आणि टोपलीतली राख-भुसा आणि एकवीस दिवसांची विद्या निकामी झाली.

तिसरा आक्षेप बकरी स्वतःच घेते. दाणा आणि चारा गेला म्हणून घरचं मांस गेलं, तर महाराष्ट्रातल्या शेळ्या २०१२ च्या ८४ लाखांवरून २०१९ ला १ कोटी ६ लाखांवर कशा गेल्या? ई-क्लास जमिनींवर अतिक्रमणं झाली, टिपेश्वर १९९७ साली अभयारण्य झालं, राळेगाव-पांढरकवडा भागात टी-१ वाघिणीच्या दहशतीत शेतकरी आणि गुराखी रानात जायला धजत नव्हते, २ नोव्हेंबर २०१८ ला ती मारली जाईपर्यंत. एवढं होऊनही बकरी वाढली. मला यात या साऱ्या प्रकरणाची किल्ली दिसते. बकरी ज्वारीवर कधीच अवलंबून नव्हती. सोयाबीनचं कुटार, तुरीचं कुटार, पऱ्हाटी आणि बांध तिला आजही पुरतात. आणि तिचं प्रजनन अजून घरात आहे. बोकड गावात आहे, करडं दावणीला होतात, दोन-दोन होतात, आणि बी विकणारी कंपनी मध्ये नाही. म्हणजे ज्या जनावराची खुराक घराच्या टाकाऊतून निघते आणि ज्याची वीण घरात होते ते टिकतं. यातलं एक जरी सुटलं तरी ते बाजाराच्या स्वाधीन होतं. बकरीचं मांस मात्र घरातून गेलं, कारण किलोला सातशेच्या वर भाव असताना मजुराला स्वतःचा बोकड कापणं परवडत नाही. तो बोकड विकतो आणि ब्रॉयलर आणतो. गावरान कोंबडीचंही तेच झालं. ती धाब्यावर आणि शहरात जाते. राहता राहिला बकरी जंगल खाते हा इंग्रजांच्या काळापासूनचा आरोप. १९८७ साली हनुमंत राव यांच्या अध्यक्षतेखालच्या कृती गटानं हा प्रश्न तपासला आणि जमिनीच्या ऱ्हासाचा ठपका एकट्या बकरीवर ठेवता येत नाही असा निष्कर्ष काढला. झाडी आधीच तुटलेल्या माळावर शेवटी उरतं ते जनावर बकरी असतं, म्हणून ती गुन्हेगार ठरते.

सरकारला हे सगळं कधी दिसलं नाही असं नाही, पण दिसलं ते मोठ्या आकड्यांतच. शेतकरी आत्महत्यांनंतर २००५ साली राज्याचं आणि २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी जाहीर केलेलं ३,७५० कोटींचं पॅकेज आलं. त्या काळात दुभती जनावरं अनुदानावर वाटली गेली, आणि ढेप-चारा परवडेना म्हणून कित्येकांनी ती विकली. पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हा विदर्भातून हे लिहिलं आहे. राज्याच्या पुढच्या नावीन्यपूर्ण योजनेत १० शेळ्या आणि १ बोकड हा गट आहे, आणि कुक्कुटपालनासाठी १,००० मांसल पक्ष्यांचं शेड. शेळीचा गट निदान घरात वाढू शकतो. पण पाच कोंबड्यांच्या बाईसाठी या रचनेत जागा नाही, आणि तिची गरज शेडची नाहीच. तिची अडचण मानमोडीची आहे. हा रोग राणीखेत या नावानं पुस्तकात गेला तो १९२० च्या दशकाच्या अखेरीस. त्यावरची आर-टू-बी ही लस राणीखेत गावाजवळच्या मुक्तेश्वरच्या संस्थेतल्या वाणाची. म्हणजे औषध आपल्याच देशात कित्येक दशकं आहे. पण ती कुपी शंभर आणि त्याहून अधिक पक्ष्यांची असते, थंड ठेवावी लागते आणि फोडल्यावर काही तासांत संपवावी लागते. हजार पक्ष्यांच्या शेडला ती बरोबर पुरते. पोडावर किंवा तांड्यावर पंचवीस घरांत विखुरलेल्या शंभर कोंबड्यांसाठी ती फोडायची तर कोणीतरी एक दिवस ठरवून, सकाळी खुराडी उघडण्याच्या आधी, बर्फाची पेटी घेऊन दारोदार फिरलं पाहिजे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठातल्या स्प्रॅडब्रो यांनी उष्णता सोसणारी आय-२ ही लस याच अडचणीसाठी तयार केली, आणि मोझांबिक-टांझानियाच्या खेड्यांत गावातल्याच शिकवलेल्या बायका ती डोळ्यात थेंब टाकून देतात. यवतमाळच्या गावांत आशाताई आहेत, बचत गट आहेत, उमेद अभियानाच्या पशुसखी आहेत. उन्हाळा लागण्याआधी माघात एक आणि पावसाळ्यानंतर एक, असे वर्षातले दोन दिवस आणि त्या दोन दिवसांचा मेहनताना एवढीच ही मागणी आहे. ती हजार पक्ष्यांच्या एका शेडच्या अनुदानाहून खूप लहान आहे.